उत्पादन व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर कसे निवडावे: ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांसाठी

वागळे इस्टेटमधला एखादा गाळा असो, रबाळे-महाप्याचा मध्यम आकाराचा कारखाना असो की तळोज्याचा रासायनिक प्रकल्प असो, उत्पादन व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले की सर्वांत आधी चार विक्रेत्यांना बोलावून त्यांचे डेमो पाहिले जातात. क्रम इथेच चुकतो. डेमोतल्या कारखान्यात कच्चा माल वेळेवर येतो, लॉट (एकत्र चालणारा मालाचा गट) फुटत नाही, रिवर्क (बिघडलेल्या मालावर पुन्हा काम) होत नाही आणि प्लेटिंगला गेलेला माल जितका गेला तितकाच मोजून परत येतो. असा कारखाना या पट्ट्यात निदान मी तरी पाहिलेला नाही. म्हणून आपल्या कामातला सर्वांत किचकट भाग आधी कागदावर उतरवावा, आणि समोर येणारे प्रत्येक सॉफ्टवेअर त्याच भागावर घासून पाहावे. सोपा भाग कोणतेही सॉफ्टवेअर सांभाळते.

नेमके काय घ्यायचे आहे

कारखान्यातल्या आणि कार्यालयातल्या संगणक प्रणाली जोडण्यासाठीच्या आयएसए-95 या मानकाचा पहिला भाग 2000 साली प्रसिद्ध झाला आणि पुढे आयईसी 62264 या क्रमांकाने ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यात कारखान्याच्या कामाची पातळ्यांमध्ये विभागणी केलेली आहे. तळाशी प्रत्यक्ष प्रक्रिया, तिच्यावर सेन्सर, त्यावर पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) व स्काडा (मशीनची माहिती पडद्यावर दाखवून नियंत्रण करणारी प्रणाली), आणि अगदी वर, चौथ्या पातळीवर, ऑर्डर, खरेदी व हिशेब पाहणारी ईआरपी प्रणाली येते. मधली तिसरी पातळी उत्पादन व्यवस्थापनाची असून तिच्यात उत्पादन, गुणवत्ता, देखभाल आणि साठा अशी चार कामे धरली आहेत. ईआरपी महिने, आठवडे आणि दिवसांच्या हिशेबात चालते, तर तिसऱ्या पातळीवर शिफ्ट, तास आणि मिनिटे मोजावी लागतात. ईआरपी असूनही दुपारी तीन वाजता कोणत्या मशीनवर कोणता लॉट चालू आहे हे सांगता येत नाही, त्याचे कारण हेच आहे.

बाजारात हा माल एमईएस (मॅन्युफॅक्चरिंग एक्झिक्युशन सिस्टिम), एमओएम (मॅन्युफॅक्चरिंग ऑपरेशन्स मॅनेजमेंट), डिजिटल फॅक्टरी अशा निरनिराळ्या नावांनी विकला जातो. नावावरून काहीही ठरवू नये. वरच्या चारांपैकी कोणती कामे आजच्या घडीला, जादा कोडिंग न करता होतात, एवढेच विक्रेत्याला विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. सीमेन्सचे ऑपसेंटर, दासो सिस्टिम्सचे अप्रिसो, एसएपीचे डिजिटल मॅन्युफॅक्चरिंग किंवा रॉकवेलचे प्लेक्स ही मोठ्या, अनेक प्रकल्प असलेल्या कंपन्यांच्या गरजांवर वाढलेली उत्पादने आहेत. दुसऱ्या टोकाला मुंबईतच तयार झालेले, मुक्त स्रोत असलेले ईआरपीनेक्स्ट आहे, ज्यात जॉब कार्ड (मशीनवरच्या कामाची नोंदपत्रिका), वर्कस्टेशन आणि सबकॉन्ट्रॅक्टिंगची सोय ईआरपीच्या आतच मिळते. या दोन टोकांच्या मध्ये पुण्या-मुंबईच्या कितीतरी लहान कंपन्या आपापली सॉफ्टवेअर घेऊन उभ्या आहेत. लहान कंपनी म्हणून तिला नाकारू नये आणि मोठे नाव म्हणून कोणाला डोळे झाकून स्वीकारूही नये.

दहा-बारा मशीन, एकच शिफ्ट आणि दिवसभर फ्लोअरवर असलेला मालक, असा कारखाना असेल तर कदाचित काहीही घेण्याची गरज नाही. एक नीट आखलेली एक्सेल शीट, एक पांढरा फळा आणि रोज सकाळची पंधरा मिनिटांची बैठक यांवर असा कारखाना उत्तम चालतो. ज्यांच्याकडे एकाच पार्टला स्टोअर्समध्ये एक कोड, ड्रॉइंगवर दुसरा आणि हिशेबाच्या टॅलीमध्ये तिसरा आहे, त्यांनीही आधी आयटम कोड, बिल ऑफ मटेरियल (कोणत्या वस्तूला काय काय लागते ती यादी) आणि राउटिंग (कामाच्या टप्प्यांचा क्रम) जुळवून घ्यावे. सॉफ्टवेअर आल्यावर ते आपोआप जुळेल ही आशा विक्रेता लावतो खरा, पण ते काम शेवटी आपल्याच माणसांना करावे लागते, आणि तेही सल्लागाराचे मीटर चालू असताना.

आधी फ्लोअरवरची कागदे पाहावीत

निवड समितीने मीटिंग रूममध्ये गरजांची यादी करण्यापूर्वी गेल्या महिन्याची जॉब कार्डे आणि डाउनटाइमचे रजिस्टर घेऊन बसावे. कार्डावरच्या आठही तासांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात आणि एकाच दमात लिहिल्यासारख्या दिसत असतील, तर त्या शिफ्ट संपताना आठवून भरल्या आहेत असे समजावे. मशीन बंद पडल्याची वेळ नेहमी 10, 15 किंवा 30 मिनिटेच असेल, तर ती कोणी मोजलेली नाही. कारणाच्या रकान्यात ‘इतर’ हा शब्द सर्वाधिक वेळा येत असेल, तर कारणांची यादी ऑपरेटरच्या उपयोगाची नाही.

या कागदांवरून दोन गोष्टी ठरतात. कोणती माहिती माणसाकडून घ्यायची आणि कोणती थेट मशीनकडून, हे त्यावरून कळते. दुसरी गोष्ट अशी की माणसाकडून घ्यायच्या प्रत्येक नोंदीला किती सेकंद द्यायचे याची मर्यादा घालता येते. हातमोजे घातलेला, तेलकट बोटांचा ऑपरेटर एका पार्टची सायकल चालू असताना जितक्या वेळात नोंद करू शकेल, तितकीच नोंद खरी राहते. त्याहून लांबलेली नोंद पुन्हा शिफ्टच्या शेवटावर जाते, फक्त या वेळी कागदाऐवजी टॅबलेटवर. पडद्यावरची भाषा मराठी आणि हिंदी दोन्ही हवी, आणि ती ऑपरेटरला स्वतः बदलता आली पाहिजे. आपल्याकडे एकाच लाइनवर सातारचा आणि आझमगडचा माणूस शेजारी शेजारी उभा असतो. ‘मल्टिलिंग्वल’ असे माहितीपत्रकात छापलेले असले तरी देवनागरी अक्षरे लेबल प्रिंटरवर आणि पीडीएफ अहवालात नीट उमटतात का, हे प्रत्यक्ष छापून पाहावे. बऱ्याचदा जोडाक्षरे तिथे फुटलेली दिसतात.

खरी परीक्षा गेटवर होते

ठाणे-नवी मुंबईतल्या इंजिनीअरिंग कारखान्यांचे एक वैशिष्ट्य परदेशी बनावटीच्या सॉफ्टवेअरला सहसा पचत नाही. आपला पार्ट एका छपराखाली पूर्ण होत नाही. टर्निंग आपल्याकडे, हीट ट्रीटमेंट दुसरीकडे, परत येऊन ग्राइंडिंग, मग झिंक प्लेटिंगसाठी पुन्हा बाहेर, असा त्याचा प्रवास असतो. टेम्पो दिवसातून दोनदा गेटमधून जातो आणि लॉटची ओळख नेमकी त्या टेम्पोत हरवते.

पुढील प्रसंग कोणत्याही फास्टनर किंवा शाफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात घडू शकतो. दोन वेगळ्या हीट नंबरच्या (म्हणजे पोलादाच्या वेगवेगळ्या वितळणीतल्या) सळयांपासून बनलेले दोन लॉट तीन ट्रेमध्ये भरून एकाच चलानाने प्लेटिंगला जातात. प्लेटरचे बॅरल मोठे असते, त्यामुळे तो तिन्ही ट्रे एकत्र टाकतो. माल परत येतो तेव्हा वजन बरोबर असते, चलान बरोबर असते, पण कोणता नग कोणत्या हीटचा हे आता कोणालाही सांगता येत नाही. चार महिन्यांनी ग्राहकाकडून एका हीटमधल्या तड्यांची तक्रार येते आणि आपल्याला दोन्ही लॉट परत बोलवावे लागतात. वाहन उद्योगाला माल देणाऱ्यांसाठी आयएटीएफ 16949 या मानकात ट्रेसेबिलिटीची, म्हणजे नगाचा माग मूळ मालापर्यंत काढता येण्याची, सविस्तर अट आहे आणि ऑडिटर नेमका हाच धागा ओढून पाहतो.

तेव्हा विक्रेत्याला विचारण्याचे प्रश्न इथून निघतात. लॉट फोडता येतो का, आणि फोडल्यावर दोन्ही तुकड्यांचा मूळ लॉटशी संबंध टिकतो का? दोन लॉट मिसळले तर सॉफ्टवेअर नवा संयुक्त लॉट तयार करून त्याचे दोन्ही पालक लक्षात ठेवते, की शेवटचा नंबर आधीच्यावर चढवून मोकळे होते? जॉबवर्करकडून (बाहेर प्रक्रिया करून देणाऱ्याकडून) 1,000 पैकी 970 नग आले तर उरलेल्या 30 चे काय दाखवते: त्याच्याकडे शिल्लक, रिजेक्ट, की हरवले? रिवर्कसाठी तोच माल त्याच जॉबवर्करकडे दुसऱ्यांदा पाठवता येतो का? या शेवटच्या प्रश्नावर भलेभले अडतात, कारण त्यांच्या राउटिंगमध्ये एक टप्पा एकदाच येतो असे गृहीत धरलेले असते.

ओळख पटवण्याचे साधनही याच वेळी ठरवून घ्यावे. नगावर किंवा ट्रेमधल्या कागदावर चिकटवलेला बारकोड ॲसिड पिकलिंगमध्ये टिकत नाही. म्हणून कोड ट्रेला किंवा ट्रॉलीला कायमचा लावावा, आणि ट्रेमध्ये सध्या कोणता लॉट आहे हे सॉफ्टवेअरमध्ये जोडावे. माल बाहेर ओतला जाणार असेल तिथे जॉबवर्करशी ‘एका वेळी एकच लॉट’ असा लेखी करार करावा. सॉफ्टवेअर या कराराची जागा घेऊ शकत नाही; करार मोडला हे परत येताना गेटवरच कळेल, एवढी सोय ते करू शकते.

जीएसटीचा संबंधही इथेच येतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 143 नुसार जॉबवर्कसाठी पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि भांडवली माल तीन वर्षांत परत आला पाहिजे. मोल्ड, डाय, जिग, फिक्श्चर आणि टूल यांना ही तीन वर्षांची मुदत लागू नाही. चलानांचा तपशील आयटीसी-04 या फॉर्ममध्ये द्यावा लागतो, पाच कोटींहून अधिक उलाढाल असेल तर सहामाही आणि त्याखाली वर्षातून एकदा. उत्पादनाचे सॉफ्टवेअर आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर जर दोन वेगवेगळ्या चलान-मालिका चालवणार असतील, तर वर्षअखेरीस ताळमेळ बसवताना अकाउंटंट हैराण होतो. चलान कोणत्या प्रणालीत तयार होणार आणि दुसरीकडे कसे जाणार, हे खरेदीपूर्वीच ठरले पाहिजे.

मशीनकडून माहिती घेणे

‘आम्ही कोणतेही मशीन जोडतो’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये. आपल्या मशीनची यादी करून प्रत्येकाचे वर्ष, कंट्रोलर आणि उपलब्ध पोर्ट लिहावेत आणि ती यादी विक्रेत्याच्या हातात द्यावी. सीएनसी (संगणकनियंत्रित) मशीनच्या अलीकडच्या फॅनक कंट्रोलरवरून फोकस लायब्ररीतर्फे इथरनेटवर माहिती मिळते, इंजेक्शन मोल्डिंगच्या नव्या मशीनसाठी युरोमॅप 77 हे जोडणीचे मानक आहे, आणि अनेक नव्या पीएलसींमध्ये ओपीसी यूए ही माहिती देवाणघेवाणीची पद्धत अंगभूत असते. वीस वर्षांपूर्वीच्या सीएनसीवर मात्र बहुधा फक्त आरएस-232 हा जुन्या पद्धतीचा पोर्ट सापडतो, आणि पॉवर प्रेसवर तोही नसतो. तिथे स्ट्रोक मोजायला प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि मोटर चालू-बंद कळायला करंट सेन्सर पुरतो. मशीन चालू आहे की नाही आणि किती नग निघाले, एवढे जरी खात्रीने कळले तरी पहिल्या वर्षाला ते पुष्कळ झाले. कंपन, तापमान आणि ‘एआय’ यांचा मोह पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवावा.

विक्रेते ओईई, म्हणजे मशीनची एकूण परिणामकारकता, हा आकडा मोठ्या अक्षरांत दाखवतात. तो कसा काढला जातो हे उदाहरण देऊन तपासावे. समजा 480 मिनिटांच्या शिफ्टमध्ये 30 मिनिटांची सुटी वजा जाता 450 मिनिटे नियोजित आहेत आणि मशीन 60 मिनिटे बंद होते. उपलब्धता झाली 390 भागिले 450, म्हणजे 86.7 टक्के. एका नगाला 30 सेकंद लागतात, तर 390 मिनिटांत 780 नग निघायला हवे होते, निघाले 660, कामगिरी 84.6 टक्के. त्यांतले 640 चांगले. गुणवत्ता 97 टक्के. तिघांचा गुणाकार सुमारे 71 टक्के. हेच आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरायला सांगावेत आणि सेटिंगचा वेळ, जेवणाची सुटी, ‘ऑर्डर नव्हती’ ही वेळ कुठे धरली जाते ते पाहावे. सेटिंगचा वेळ नियोजित वेळेतूनच वगळला तर त्याच शिफ्टचा आकडा फुगून येतो. 85 टक्के हा जागतिक दर्जाचा म्हणून सांगितला जाणारा निकष छोट्या बॅचच्या, वारंवार सेटिंग बदलणाऱ्या जॉब-शॉपला लावणे मला अन्यायाचे वाटते. अशा ठिकाणी सेटिंगला किती मिनिटे जातात एवढाच आकडा रोज पाहिला तरी जास्त हाती लागते.

पावसाळ्यात वीज गेली किंवा इंटरनेटची केबल तुटली तर काय होते, हे विचारून भागत नाही, करून पाहावे. सर्व्हर क्लाउडवर असेल तर कारखान्यात बसवलेल्या एज उपकरणात काही तासांची माहिती साठून राहिली पाहिजे आणि जोडणी परत आल्यावर ती योग्य वेळेच्या नोंदीसह वर गेली पाहिजे. डेमोच्या दिवशी राउटरची वायर काढून अर्ध्या तासाने परत लावावी.

औषधनिर्मितीचे कारखाने आणि तळोजा, पावणे भागातले रासायनिक प्रकल्प यांचे प्रश्न थोडे निराळे आहेत. औषधांसाठी 28 डिसेंबर 2023 रोजी अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एममध्ये (औषधनिर्मितीच्या पद्धतींच्या नियमांमध्ये) संगणकीकृत प्रणालींचाही विचार केलेला आहे. अमेरिकेला माल जात असेल तर 1997 पासून लागू असलेला 21 सीएफआर भाग 11 हा इलेक्ट्रॉनिक नोंदी व सह्यांचा नियमही पाळावा लागतो. म्हणजे प्रत्येक बदलाची पुसता न येणारी नोंद, वैयक्तिक लॉगिन, इलेक्ट्रॉनिक सही, आणि व्हॅलिडेशनची, म्हणजे प्रणाली ठरल्याप्रमाणे चालते हे दाखवणारी, कागदपत्रे. ही कागदपत्रे कोण तयार करणार आणि त्यांची किंमत दरात धरली आहे का, हे पहिल्याच बैठकीत विचारावे. ज्वलनशील बाष्प असलेल्या भागात साधा टॅबलेट किंवा स्कॅनर नेता येत नाही. तिथे धोकादायक क्षेत्रासाठी प्रमाणित उपकरण लागते आणि ते कित्येक पट महाग पडते, म्हणून त्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.

डेमो आपल्या अटींवर

एवढी तयारी झाल्यावर दोन किंवा तीनच विक्रेत्यांना बोलवावे आणि त्यांना आठवडाभर आधी आपल्या एका खऱ्या, बिघडलेल्या ऑर्डरचा तपशील द्यावा: ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती मध्येच आलेली, एक लॉट फुटलेला, काही नग रिवर्कला गेलेले, थोडा माल जॉबवर्करकडे अडकलेला. ग्राहकाची आणि दराची माहिती त्यातून काढून टाकावी. डेमोच्या दिवशी ही ऑर्डर सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवायला सांगावी आणि मग डिस्पॅच झालेला एक नंबर देऊन कच्च्या मालाच्या सर्टिफिकेटपर्यंत मागे जायला सांगावे. घड्याळ लावावे. विक्रेत्याचा माणूस कितीदा ‘हे कस्टमायझेशनमध्ये होईल’ म्हणतो, ते एका बाजूला लिहीत जावे. तीच यादी पुढे खर्चाची बोलणी करताना उपयोगी पडते. या बैठकीला दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर आणि स्टोअर्सचा माणूस हवाच. आयटी विभागाच्या आणि मालकाच्या मतापेक्षा मी त्या दोघांच्या मताला जास्त वजन देईन, कारण रात्री नऊ वाजता पडदा अडकतो तेव्हा तिथे तेच असतात.

विक्रेत्याने दिलेल्या जुन्या ग्राहकांपैकी एकाला प्रत्यक्ष भेटावे. त्यांच्या मॅनेजरशी बोलून झाले की फ्लोअरवर फेरी मारावी. लावलेल्या टॅबलेटच्या शेजारी वही अजूनही चालू असेल, तर बाकी काही विचारायची गरज उरत नाही.

पैसे आणि करार

किंमत नेहमी पाच वर्षांची मिळून काढावी. परवाना, अंमलबजावणी, मशीन जोडणी, टॅबलेट, स्कॅनर, लेबल प्रिंटर, वाय-फाय, प्रशिक्षण, वार्षिक देखभाल आणि या सर्वांवरचा जीएसटी, हे सगळे त्यात यावे. एकदाच विकत घेतलेल्या परवान्यावर वार्षिक देखभाल साधारणपणे 18 ते 22 टक्के मागितली जाते, म्हणजे पाच वर्षांत जवळपास दुसरा परवानाच होतो. फ्लोअरवर व्यक्तीगणिक परवाना घेऊ नये: तीन शिफ्टमध्ये मिळून 40 ऑपरेटर असले तरी एका वेळी 12 टर्मिनलच चालू असतात, तेव्हा टर्मिनलनिहाय किंवा एकाच वेळी वापरणाऱ्यांच्या संख्येनुसार दर मागावा.

करारात माहितीची मालकी आपली असल्याचे स्पष्ट लिहून घ्यावे. करार संपल्यावर ती वापरता येईल अशा स्वरूपात, रकान्यांच्या अर्थासह, ठरलेल्या दिवसांत परत मिळाली पाहिजे. सपोर्टची वेळ सकाळी दहा ते सहा अशी असेल आणि आपला कारखाना तीन शिफ्ट चालत असेल, तर ते कलम बदलून घ्यावे. विक्रेता लहान असेल तर तो व्यवसाय बंद करण्याची वेळ आल्यास सोर्स कोड मिळण्याची तरतूद करावी. पैशांचे हप्ते तारखांशी न बांधता कामाशी बांधावेत आणि शेवटचा मोठा हप्ता एक पूर्ण महिनाअखेर सुरळीत पार पडल्यावरच द्यावा.

सुरुवात एकाच लाइनवर करावी, आणि ती सर्वांत शिस्तीची लाइन नसावी. दोन ते तीन महिन्यांत तिथे महिनाअखेर, स्टॉक-टेकिंग आणि एखादे मोठे ब्रेकडाऊन येऊन जाते आणि सॉफ्टवेअरची खरी ताकद दिसते. कागद आणि सॉफ्टवेअर समांतर चालवायचे तर कागद बंद करण्याची तारीख पहिल्याच दिवशी फलकावर लावावी, नाहीतर दोन्ही अर्धवट भरले जातात. युनियनशी आणि कंत्राटी कामगारांच्या ठेकेदाराशी आधी बोलून घ्यावे आणि मशीनवरची नोंद कोणाच्या पगाराशी जोडली जाणार की नाही हे स्पष्ट सांगावे. पहिल्या काही आठवड्यांत ओईईचा आकडा रजिस्टरमधल्यापेक्षा खाली येईल, कारण दोन-तीन मिनिटांच्या ज्या थांबण्याची नोंद पूर्वी कोणी करत नव्हते ती आता होऊ लागते; व्यवस्थापनाला याची कल्पना आधीच दिलेली असावी, आणि त्या आकड्यावर बोनस किंवा मेमो यांपैकी काहीही निदान पहिली तिमाही काढू नये.